बिनस्पर्श जलसेवा

कुठल्याही हॉटेलात शिरले की मी आधी हात धुवायची जागा शोधते. खुर्च्या, दिवे, भिंतीचा रंग हे सगळं नंतर. बेसिन कुठे ठेवलंय त्यावरून मालकाच्या मनात गिऱ्हाइकाची जागा कुठे आहे ते कळतं. बहुतेक ठिकाणी ते संडासाच्या दाराला चिकटून असतं. वर मिणमिणता पिवळा बल्ब, साबणाच्या जागी भांडी घासायची पावडर, खाली भिजलेलं पोतं. आणि हाच मालक काउंटरमागे 'अतिथी देवो भव' लिहून ठेवतो. देवाला हात धुवायला संडासाकडे पाठवतो आणि वर नमस्कार करतो.

हॉटेलं, लॉज, लग्नाचे हॉल, चहाची दुकानं आतून कशी असावीत हे ठरवणं माझं काम आहे. यवतमाळात त्याला डेकोरेशन म्हणतात. मंडपवाला झालरी लावतो तसं मी काहीतरी लावते, एवढीच लोकांची समजूत. पहिल्या भेटीत बहुतेक मालक विचारतात, "मॅडम, भिंतीले काय लावाचं?" मी म्हणते, काही लावायचं नाही. आधी सांगा, तुमच्याकडे आलेला माणूस पाणी कुठे पितो? मग ते माझ्याकडे असे बघतात, की बाई चुकीच्या पत्त्यावर आली असावी.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. छप्पन सालानंतर बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे, छापून आणायचे, वाटायचे. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. पत्रकाला एकच पान असतं. म्हणायचं ते पहिल्या ओळीत म्हणावं लागतं, नाहीतर माणूस त्यात शेंगदाणे बांधून घेऊन जातो. नागपूरला इंटिरियरच्या कॉलेजात गेले तेव्हा हीच सवय घेऊन गेले. सर म्हणायचे, तुझ्या भिंती बोडक्या असतात. मी म्हणायचे, भिंतीला सांगायचं काही नसेल तर तिनं गप्प बसावं. मला मार्क कमी पडायचे.

पुढे नागपुरातच एका ऑफिसात नोकरी केली. तिथे हॉटेलांसाठी 'गाव' तयार व्हायचं. छताला बैलगाडीचं चाक, कंदिलात एलईडी, प्लास्टिकचं केळीचं पान आणि भिंतीवर वारली चित्रं. वारली चित्रं काढणारी माणसं आमच्यापासून राज्याच्या दुसऱ्या टोकाला राहतात. आमच्या जिल्ह्यात कोलाम आहेत, गोंड आहेत. त्यांच्या घरांच्या भिंती कशा सारवलेल्या असतात ते बघायला ऑफिसातलं कुणी आलं नाही. कशाला येईल? गाव कॅटलॉगात मिळत होतं. एका ढाब्याच्या गेटवर आम्ही फायबरचा शेतकरी उभा केला. हात जोडलेला, गाल फुगलेले, हसणारा. तो ट्रकमधून उतरवून घेताना मला त्याच्या हसऱ्या तोंडावर चादर टाकावीशी वाटली. त्यानंतर मी तिथे फार काळ टिकले नाही.

यवतमाळला परत येऊन स्वतःची कामं घ्यायला लागले. पहिलं काम नेरच्या एका चहा-नाश्त्याच्या हॉटेलाचं. मी बेसिन दर्शनी भागात, उजेडात काढलं. मालक उडालाच.

"समोर? मॅडम, लोकं समोर चूळ भरतीन, खाकरतीन."

"खाकरू द्या. तुमचंच खाऊन खाकरून राह्यले ना?"

तो हसला आणि बेसिन समोर झालं. उमरखेडचं काम मात्र भांडणात गेलं. तिथल्या मालकाला फॅमिली रूम हव्या होत्या. प्लायवूडचे खण, त्यांना पडदे, आत पंखा नाही. फॅमिली म्हणजे बायका, आणि बायका जेवताना दिसता कामा नयेत, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मी म्हटलं, बाई जेवते म्हणजे गुन्हा करते काय, की तिला पडद्यात बसवता? तो म्हणाला, "आमच्याकडे असंच चालते." या जिल्ह्यात 'असंच चालते' या दोन शब्दांवर जितकी बांधकामं उभी आहेत तितकी सिमेंटवरही नसतील.

एवढं ऐकवणाऱ्या बाईला मोठं काम कोण देणार? तरी एकानं दिलं. यवतमाळहून नेरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, प्लॉटांच्या धंद्यात वर आलेल्या एका माणसानं. खाली जेवणाचा मोठा हॉल, मागे लॉन, वर मुक्कामाच्या खोल्या. माणूस मोकळा होता, मोठ्यानं बोलायचा, मोठ्यानं हसायचा. मी त्याला भाऊ म्हणायचे. पहिल्याच दिवशी उघड्या स्लॅबखाली उभा राहून तो म्हणाला, "मॅडम, हे सारं तुमचं. मले फक्त लोकं खुश पाह्यजेत." रिकाम्या हॉलपासून शेवटच्या दिव्यापर्यंत पूर्ण माझं असं ते पहिलंच काम होतं. आधीची सगळी डागडुजी. हे उभं राहिलं असतं तर मला कुणाला काही समजावून सांगायची गरज उरली नसती, नुसतं तिथे नेऊन बसवलं असतं. मला ते हॉटेल हवं होतं. इतकं दुसरं काही हवं असल्याचं आठवत नाही.

सुरुवात मी पाण्यापासूनच केली. हॉलच्या मधोमध काळ्या दगडाची लांब डोणी, चारी बाजूंनी नळ, मुलांचा हात पुरेल असे दोन नळ खाली. तिच्याच टोकाला पिण्याचं पाणी आणि धुतलेले स्टीलचे गिलास. ज्याला हवं त्यानं उठून घ्यावं. वेटर आणि ड्रायव्हर यांनाही तिथलंच. ड्रायव्हरांसाठी मागे वेगळा माठ ठेवायचा विषय निघाला होता, तो मी तिथल्या तिथे पुरला. भाऊंना डोणी आवडली. येईल त्याला हाताला धरून दाखवायचे, जशी काही त्यांच्याच डोक्यातून निघाली.

मग ते सहकुटुंब कुठल्याशा रिसॉर्टला जाऊन आले आणि मोबाइल पुढे करत साइटवर आले.

"हे पाहा मॅडम. याले म्हंतात पाहुणचार!"

व्हिडिओत रिसॉर्टचं दार होतं. घडवंचीवर तांब्याचा हंडा, बाजूला फेटा बांधलेला माणूस, त्याच्या हातात लांब दांडीचं पितळी ओगराळं. पाहुणे एकेक करून वाकत होते, ओंजळ धरत होते आणि तो वरून धार सोडत होता. पाणी नाकात जाऊन पाहुणे खिदळत होते. मागे सनई.

"आपल्याले एन्ट्रीले हेच पाह्यजे. हात लागत नाई, काही नाई. कोरोनापासून लोकाइले असंच आवडते."

"गिलास काहून नको?"

"गिलासात काय मजा हाये? गिलास तर घरीबी हाये."

आमच्या घरात वरून पाणी ही मजा नव्हती. बाबा लहान असताना त्यांच्या वडिलांबरोबर दुसऱ्याच्या शेतावर कामाला जायचे. तहान लागली की मालकाच्या ओट्याखाली बसायचं, ओंजळ पुढे करायची आणि वरून कुणीतरी ओतायचं. भांड्याला हात लागू नये, भांडं बाटू नये, म्हणून ती उंची. बाबा हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज चढत नाही. माझा चढतो.

मी भाऊंना तोंडावर सांगितलं. "भाऊ, असं पाणी आमच्या लोकांना देत होते. शिवू नये म्हणून."

ते जराही गडबडले नाहीत. "अरे बापा! ते जुनं झालं. अन् आपण तर सगळ्याइलेच वरून देऊन राह्यलो. कलेक्टर आला तरी वरून. मंत्री आला तरी वरून. सांगा, आता भेदभाव कोठी राह्यला?"

त्या वाक्याचा आजही राग येतो. त्यात एक प्रकारची समता होती आणि ती सडकी होती, पण सडकी कुठे हे बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. मी म्हटलं, नकाशावर काढून बघते.

आणि उत्तर कागदावर निघालं. ओंजळीत ओतलेलं पाणी सगळं तोंडात जात नाही. अर्धं मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं आणि खाली पडतं. म्हणजे तिथे उतार हवा, जाळी हवी, पाणी वाहून न्यायला नाली हवी. दारातच हे केलं तर ओल्या पायांचा चिखल थेट हॉलमध्ये. दाराच्या आत बाजूला घेतलं तर पॉलिश केलेल्या फरशीवर माणसं घसरणार. मी हंडा नकाशावर सरकवत गेले. आत जमेना, उंबऱ्यावर जमेना. शेवटी तो जिथे नीट बसला ती जागा दाराबाहेर होती, पायरीच्या खाली. ओतणारा वरच्या पायरीवर, पिणारा खाली मातीवर. पेन्सिल हातातच राहिली. जुन्या घरांत यासाठी मोरी का नव्हती ते मला तेव्हा समजलं. पिणाऱ्याला आत येऊच द्यायचं नव्हतं. माणसाला वरून पाणी द्यायचं ठरवलं की त्याला बाहेर बसवावंच लागतं. मग तो कलेक्टर असो की कुणी असो.

मला वाटलं, आता हे दाखवलं की झालं. नकाशा घेऊन गेले. म्हटलं, "भाऊ, बघा, फिरत फिरत कुठे आलं ते. पायरीखाली."

भाऊंनी नकाशा निरखून पाहिला. त्यांचा चेहरा खुलला.

"हां! तिथंच बराबर हाये. बाहेरच्या बाहेर. फरशीबी खराब नाई होत."

माझ्याकडे याच्या पलीकडे पुरावा नव्हता. डोळ्यांसमोर धरलेली गोष्ट माणसाला दिसत नाही असं मी मानत नाही. ती दिसते. फक्त तिच्यामुळे त्याचं काही अडत नाही.

दोन दिवसांनी त्यांनी एक चिठोरं दिलं. त्यांच्या साळ्यानं हंड्याच्या मागे लावायला शब्द काढून दिले होते. तो शाळेत मराठी शिकवायचा. 'बिनस्पर्श जलसेवा'. पितळेत कापून घ्यायचे, आणि अक्षरांचं वळण मी काढायचं.

"शब्द कसा हाये? एकदम शुद्ध!"

"शुद्धच आहे," मी म्हटलं. "इतका शुद्ध की माझ्या आजोबांनाही लगेच कळला असता. त्यांना वाचता येत नव्हतं."

"म्हंजे?"

"म्हणजे मी हे लिहीत नाही. हंडा राहणार असेल तर मी राहत नाही."

तेव्हा पहिल्यांदा ते चिडले. फरशीवाले काम थांबवून ऐकायला लागले. "तुमच्या लोकाइचं हेच हाये मॅडम. पाणी नाई दिलं तरी राग, दिलं तरी राग. मानानं देऊन राह्यलो ना? फेटा बांधून देऊन राह्यलो. अजून काय पाह्यजे?"

"गिलास."

"एका गिलासापायी एवढं काम सोडता?"

"तुम्ही एका ओगराळ्यापायी सोडायला लावून राह्यले."

मी नकाशे गोळा केले आणि निघाले. दिव्यांचं काम अर्धं होतं, खुर्च्या यायच्या होत्या, वरच्या खोल्यांना हातही लागला नव्हता. रस्त्यावर एसटीची वाट बघत उभी राहिले तेव्हा मागून कटरचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी गेले याची तिथे एवढीच दखल.

उद्घाटनाची पत्रिका घरी आली. भांडण झालंय हे भाऊंच्या लक्षातच नसावं. काही माणसं अपमान जांभईसारखा करतात, तोंड मिटलं की विसरतात. मी पत्रिका फाडायला घेतली, बाबांनी हातातून काढून घेतली.

"जाऊ आपण."

"बाबा, दारातच हंडा आहे."

"असू दे. तू केलेलं मी अजून काही पायलंच नाई. नेरचं बेसिन पायलं तेवढं. दोन वेळा हात धुतले त्यात."

आम्ही गेलो. कडक ऊन, आणि दारापासून गेटपर्यंत रांग. पायरीपाशी हंडा, हंड्यामागे पितळी अक्षरं. कुणीतरी काढली होती, बेढब, 'स्पर्श'मधला रफार भलत्याच अक्षरावर. साइटवरचा चौकीदार फेटा बांधून ओगराळं घेऊन उभा, घामानं भिजलेला. भाऊ शेजारी हसत उभे. पुढचे दोघे-तिघे वाकून, पिऊन, रुमालानं कोपर पुसत आत गेले. आमचा नंबर आला. बाबांचा उजवा हात डाव्या बाहीकडे गेला आणि बाही कोपराच्या वर सरकली. ते गिलासानं पाणी पितानाही असंच करतात. ती सवय कुठली आहे हे मला त्या पायरीखाली उभी असताना पहिल्यांदा समजलं, आणि तो हंडा उलथून टाकावासा वाटला.

पण बाबांनी ओंजळ धरली नाही.

"गिलास आण बापू," ते चौकीदाराला म्हणाले.

"काका, इथं असंच देतात."

भाऊ पुढे झाले. "बाबाजी, ओंजळ धरा ना! मजा येते."

"घेतली बापा ती मजा," बाबा म्हणाले. "लहानपणी लय घेतली. पोट भरलं. आता गिलास आण."

आवाज चढला नव्हता. भाऊंच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते बघायला मी मान वळवली, तोवर आमच्या मागून एक बाई कडाडल्या. भरजरी साडी, केसांत गजरा, बहुधा भाऊंच्याच नात्यातल्या.

"मलेबी गिलासातच आणजो रे! मी नाई वाकत. हे पाय, माह्या साडीवर थेंब पडला तर डाग जाते काय? कोण्या शहाण्यानं हे काढलं?"

त्यांच्या मागचे इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ म्हणाले, "हो ना, मघाशी माहे मामा पार भिजून आत गेले." मग रांगच बोलायला लागली. गिलास आणा. ट्रे आणा. चौकीदार ओगराळं हंड्याला टांगून आत पळाला आणि डोणीवरचे स्टीलचे गिलास घेऊन आला. बाबांनी पहिला गिलास घेतला, सावकाश प्यायला आणि परत दिला. पुढे दिवसभर हंड्यातून नुसते गिलास भरले गेले.

बाबा खूश होते. मी नव्हते. मी महिनाभर बोलले, नकाशा काढला, काम सोडलं, आणि हे सगळं पुरलं नाही. पुरली ती एक साडी. इतक्या वर्षांचा विटाळ एका बाजूला, इस्त्री एका बाजूला, आणि इस्त्री जड. बाबांना तसं म्हटलं तर ते म्हणाले, "गिलास आला ना? बस."

आत हॉलमध्ये माझ्या दिव्यांच्या जागी निळ्या पट्ट्या लावल्या होत्या, माणसांची तोंडं पाण्यात बुडवून वर काढल्यासारखी दिसत होती. पण डोणी तशीच होती. बाबांनी चारी बाजूंनी फिरून तिच्यात हात धुतले. खालच्या नळावर एक पोरगी टाचा न उचलता हात धूत होती. तिच्याकडे बघत बाबा म्हणाले, "हे चांगलं केलं तू." मला त्याच्याहून जास्त काही नको होतं, आणि तरी ते ऐकताना माझी नजर वर निळ्या पट्ट्यांकडे गेली. बाकीचं सगळं असं होऊ शकलं असतं.

काही आठवड्यांनी भाऊंचा फोन आला. आवाज तसाच मोकळा.

"मॅडम, ते वरून पाणी बंद केलं बरं का. तुमच्या मनासारखं झालं. आता या. लाइटाचं तुमच्यानंतर आणलेल्या पोरानं वाटोळं केलं, वरच्या खोल्याबी राह्यल्या. सारं तुमच्या हातानं करून टाका."

मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते. नकाशे कुठे ठेवलेत ते आठवतही होते.

"कायले बंद केलं भाऊ?"

"साड्या ओल्या होत ना लोकाइच्या."

"अन् पाटी?"

"पाटी हाये ना. पितळेची हाये, कायले काढाची? अन् गिलासालेबी आपण कोठी हात लावून राह्यलो? ट्रेमध्येच देतो. शब्द तर बराबरच बसते."

"पाटी उतरवा. मग येते."

"पाटीनं तुमचं काय बिघडवलं? कोणी वाचतबी नाई."

"मी वाचते."

पलीकडून ते म्हणाले, "तुमचं काम तुमच्या हातानं वाया घालवून राह्यल्या तुम्ही," आणि फोन ठेवला. बाबा पलंगावर पेपर वाचत होते. पेपर खाली न करता म्हणाले, "एक पाटी राह्यली तर राहू दे ना बेटा. आत जाशील तर आतून काढता येईल." आमचं त्यावर भांडण झालं आणि अजून मिटलेलं नाही.

कामासाठी मला नेरकडे जावं लागतं. एसटी त्या हॉटेलावरून जाते. निळ्या पट्ट्या दिवसाही चालू असतात. पाटी रोज कुणीतरी घासत असावं, उन्हात चमकते, रफार अजून चुकीच्याच जागी. तिथे थांबा आहे. कंडक्टर विचारतो, कोणी उतरणार काय? मी नेरला उतरते.